बेंबीतील न भरणारी जखम : पोटातील कर्करोगाच्या त्वचेवरील खुणेचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या एका गावातले आहे. रुग्ण बाई व त्यांच्या कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडले आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले असून वैद्यकीय घटनाक्रम आहे तसा ठेवला आहे. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून या प्रकरणात माझा संबंध मधल्या टप्प्यावर आला. त्याआधीची हकीकत जुन्या चिठ्ठ्या, अहवाल आणि घरच्यांच्या सांगण्यावरून जुळवली आहे.

पार्श्वभूमी

सुमनबाई (नाव बदललेले), वय ६१, शेतकरी कुटुंबातील. पाळी थांबून बारा-तेरा वर्षे झालेली, तीन बाळंतपणे घरीच झालेली, पोटाची शस्त्रक्रिया कधी झालेली नाही. मधुमेह नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू होती. तंबाखूची मिसरी लावण्याची जुनी सवय होती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांना पोट फुगल्यासारखे वाटू लागले. अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरायचे, संध्याकाळी पोट ताणल्यासारखे व्हायचे. गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी तक्रार सांगितली ती एका शब्दात : गॅस. आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या, थोडा आराम पडला, पुन्हा त्रास झाला, पुन्हा गोळ्या मिळाल्या. आपल्याकडे पोटाच्या निम्म्या तक्रारी या एकाच शब्दात मावतात, आणि तो शब्द रुग्णाने उच्चारला की डॉक्टरांचा पुढचा प्रश्न बऱ्याचदा उच्चारलाच जात नाही.

साधारण दोन महिन्यांनी बेंबी ओलसर राहू लागली. प्रथम सुनेच्या लक्षात आले, कारण धुण्याच्या वेळी परकराच्या वरच्या पट्टीवर पिवळट आणि मधूनच तांबूस डाग दिसत होते. घरी हळद आणि खोबरेल तेल लावून झाले. मग दुसऱ्या दवाखान्यात दाखवले. तिथे जंतुसंसर्गाचे निदान झाले, मलम दिले, पाच दिवसांची प्रतिजैविके दिली. फरक न पडल्याने स्रावाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला गेला, त्यात स्टॅफिलोकॉकस जंतू वाढले, आणि त्या अहवालाने सगळ्यांची खात्रीच पटली. जंतूंना मारणारे दुसरे औषध सुरू झाले. त्वचेवरच्या कुठल्याही ओल्या, फुटलेल्या पृष्ठभागावर हे जंतू सापडतातच. ते तिथे आहेत एवढ्यावरून जखम त्यांनीच केली असे ठरत नाही.

समस्या

चौथ्या महिन्यात बेंबीत स्पष्ट गाठ दिसू लागली तेव्हा त्यांना एका शल्यचिकित्सकाकडे पाठवण्यात आले. स्थूल पोट, बेंबीत फुगवटा, बाळंतपणे झालेली साठीची स्त्री : हर्नियाची शंका येणे अगदी स्वाभाविक होते. सोनोग्राफी सांगितली गेली. चिठ्ठीवर लिहिले होते ‘बेंबीची सोनोग्राफी’, आणि तेवढीच झाली. यंत्राचे टोक बेंबीवर ठेवून पोटाच्या भिंतीचे चित्र घेतले गेले. अहवालात ‘रक्तपुरवठा असलेली अनियमित गाठ, हर्नियाची शक्यता, प्रत्यक्ष तपासणीशी पडताळावे’ असे शब्द होते. यंत्र चार बोटे खाली सरकले असते तर ओटीपोटातले दिसले असते, पण ते कुणी मागितले नव्हते.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीत जाळी बसवावी लागते आणि संसर्ग असलेल्या जागी जाळी बसवणे धोक्याचे असते, म्हणून शल्यचिकित्सकांनी आधी त्वचा कोरडी करून घ्यायला त्यांना माझ्याकडे पाठवले. त्यांची ही सावधगिरी या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा वळणबिंदू होय. ती नसती तर बाई थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेल्या असत्या.

सुमनबाई सुनेबरोबर आल्या. बसता बसताच म्हणाल्या, “पोट फुगलंय ते गॅसनं हाय, त्याची औषधं चालू हायेत. बेंबीचं तेवढं बघा.” सून मागून हळूच म्हणाली, “आत्या जेवतच नाहीत आताशा. पोलकी सगळी ढिली झालीत.” माझ्या दृष्टीने पूर्ण इतिहासातले सर्वांत मोलाचे वाक्य हे सुनेचे होते. दंड बारीक, गालफडे बसलेली आणि पोट मात्र मोठे. चरबी वाढली तर ती बहुधा सगळीकडे वाढते. इथे पोट एकटेच वाढले होते.

बेंबीत साधारण दोन सेंटिमीटरची, जांभळट-तांबडी, मधे भेग पडलेली गाठ होती. हात लावला तर दगडासारखी टणक. बोटाने आत ढकलली जात नव्हती, खोकल्यावर तिला धक्का जाणवत नव्हता, आणि ती खालच्या थराला घट्ट चिकटलेली होती. दाबल्यावर दुखतही नव्हती. संसर्गाच्या गाठीला ऊब असते, ठणका असतो, आसपास लाली असते, आणि यातले काहीही इथे नव्हते. झोपवून पोट ठोकून पाहिले तर दोन्ही कुशींत आवाज बद्द येत होता आणि कूस बदलली की तो जागा बदलत होता. याचा अर्थ पोटात पाणी होते.

बेंबीच का

पोटाच्या भिंतीत बेंबी ही सर्वांत पातळ जागा आहे. इतर ठिकाणी त्वचा आणि पोटाचे आतले अस्तर यांच्यामध्ये चरबी आणि स्नायूंचे थर असतात. बेंबीत ते जवळजवळ नसतातच, आणि अस्तर थेट त्वचेच्या पाठीशी येते. शिवाय गर्भावस्थेतील रक्तवाहिन्यांचे आणि नलिकांचे अवशेष तिथून यकृताकडे व मूत्राशयाकडे जातात, लसिकावाहिन्यांचे जाळे तिथे येऊन मिळते. त्यामुळे पोटाच्या पोकळीत पसरलेला कर्करोग त्वचेवर डोके काढतो तेव्हा ते बेंबीतून काढण्याची शक्यता मोठी असते. मूळ रोग बहुधा जठर, मोठे आतडे, स्वादुपिंड किंवा स्त्रियांमध्ये बीजांडकोश या ठिकाणी असतो.

या खुणेला ‘सिस्टर मेरी जोसेफ गाठ’ म्हणतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथील सेंट मेरीज रुग्णालयात विल्यम मेयो या शल्यचिकित्सकाच्या पहिल्या साहाय्यक असलेल्या सिस्टर मेरी जोसेफ या ख्रिस्ती जोगिणीच्या (नन) लक्षात आले होते की शस्त्रक्रियेपूर्वी पोट स्वच्छ करताना ज्या रुग्णांच्या बेंबीत टणक गाठ हाताला लागते त्यांच्या पोटात पसरलेला कर्करोग निघतो. मेयो यांनी १९२८ साली या खुणेबद्दल लिहिले, आणि हॅमिल्टन बेली यांनी १९४९ साली तिला सिस्टरचे नाव दिले, तोवर सिस्टर वारून दहा वर्षे झाली होती. पोट पुसणाऱ्या हाताला जे कळले ते यंत्राच्या टोकाला कळले नाही, असे या प्रकरणापुरते म्हणता येईल.

अंतर्गत कर्करोग त्वचेवर पसरतो तेव्हा त्याचे रूप नेहमी असेच असते असे मात्र नाही. स्त्रियांमध्ये तो बहुतेकदा स्तनाच्या कर्करोगातून येतो आणि छातीच्या त्वचेवर टणक गाठींच्या रूपाने किंवा विसर्पासारख्या लाल, गरम, पसरत्या चट्ट्याच्या रूपाने दिसतो, जो प्रतिजैविकांना दाद देत नाही. पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग हे प्रमुख कारण आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची गाठ डोक्याच्या त्वचेवर येऊ शकते, आणि ती रक्ताने इतकी भरलेली असते की साधी गाठ समजून कापायला गेले तर रक्त थांबता थांबत नाही. अशा खुणा एकूण रुग्णांच्या मानाने कमी दिसतात हे खरे, पण काही रुग्णांत आतल्या रोगाची पहिली बातमी त्याच देतात.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी माझ्यासमोर चार वाटा होत्या. पहिली, ज्या कामासाठी बाईंना पाठवले होते ते करणे, म्हणजे जंतुसंसर्ग आटोक्यात आणून त्यांना परत पाठवणे. तपासणीनंतर ही वाट बंद झाली होती. बेंबीत साचून कडक झालेल्या मळाचा खडा, रक्तवाहिन्यांची मांसल गाठ, गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी रुजल्याने होणारी गाठ, हेही मनात तपासून पाहिले. खडा चिमट्याने निघतो, मांसल गाठ मऊ असते आणि जरा लागले की भळाभळा रक्त येते, आणि अस्तराची गाठ पाळीच्या दिवसांत दुखते व वाहते. बाईंची पाळी थांबून दशक उलटले होते.

दुसरी वाट होती गाठ समूळ काढून तपासायला पाठवणे. निदानासाठी इतके मोठे काप घेण्याची गरज नव्हती. पोटात पाणी असताना बेंबीला भोक पडले तर ते पाणी जखमेतून झिरपत राहण्याची भीती होती. तिसरी, बारीक सुईने पेशी काढणे. ते सोपे आहे, लवकर होते, आणि कर्करोग आहे की नाही एवढे बहुधा कळते. पण आम्हाला मूळ रोग कुठला हेही कळायला हवे होते, आणि त्यासाठी वेगवेगळे रंग करून पाहायला पेशींचा पुंजका पुरत नाही, ऊतीचा तुकडा लागतो. चौथी वाट होती त्वचेचा छोटा गोल तुकडा काढणे, म्हणजे पंच बायोप्सी.

चौथी वाट घ्यायची ठरली तरी तिच्याआधी एक गोष्ट खात्रीने कळायला हवी होती, ती म्हणजे गाठीच्या खाली आतड्याचे वेटोळे नाही ना. हर्नियाची शंका एकदा लिहिली गेली होती, आणि ती चुकीची वाटत असली तरी पुराव्याशिवाय बाजूला सारणे धोक्याचे होते. म्हणून आधी संपूर्ण पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करायची, आणि मगच तुकडा काढायचा असे ठरवले. एकदम सीटी स्कॅन करावा असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. पण त्यासाठी जिल्ह्याला जावे लागणार होते आणि आठवडा गेला असता. आधी ऊतीचा तुकडा हाती असेल तर पुढच्या प्रत्येक तपासणीला दिशा मिळते, असे माझे मत होते आणि आजही आहे.

केलेली कृती

सोनोग्राफीत गाठीखाली आतडे नव्हते. पोटात बऱ्यापैकी पाणी होते आणि ओटीपोटात दोन्ही बाजूंना, बीजांडकोशाच्या जागी, गाठी होत्या. त्याच दुपारी जागा बधिर करून गाठीच्या कडेवरून चार मिलिमीटरचे दोन तुकडे घेतले, एका टाक्यात जागा बंद झाली. सगळे मिळून जेमतेम पंधरा मिनिटांचे काम. चार महिन्यांत झालेल्या तपासण्यांपैकी खर्चाने सर्वांत हलकी तपासणी सर्वांत शेवटी झाली.

ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या विकृतितज्ज्ञांच्या फॉर्मवर ‘बेंबीतील गाठ’ एवढेच न लिहिता वय, पाळी थांबल्याचा काळ, पोटातील पाणी, ओटीपोटातील गाठी आणि माझी शंका असे सगळे लिहिले. हा तपशील बारीक वाटतो, पण त्यावर पुढचे बरेच अवलंबून असते. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथीच्या पेशींपासून उद्भवलेला कर्करोग दिसला, काही ठिकाणी पेशींची पानाफांद्यांसारखी रचना आणि चुन्याचे सूक्ष्म गोल कण होते. माहिती हाती असल्याने विकृतितज्ज्ञांनी लगेच नेमके रंग निवडले. हे रंग पेशींतील ठरावीक प्रथिने दाखवतात, आणि त्यांवरून मूळ अवयव ओळखता येतो. सीके-७ आला, सीके-२० आला नाही, पॅक्स-८ आणि डब्ल्यूटी-१ आले, पी-५३ची ठेवण बिघडलेली होती. या सगळ्याचा एकत्रित अर्थ असा की रोग जठराचा किंवा आतड्याचा नसून बीजांडकोश वा बीजवाहिनीतून उद्भवलेला उच्च श्रेणीचा सीरस कर्करोग आहे. बीजांडकोशाच्या कर्करोगात बहुधा वाढणाऱ्या सीए-१२५ या प्रथिनाचे रक्तातील मूल्य १,३८० होते, जे एरवी ३५च्या आत असते. आतड्याच्या रोगात वाढणारे सीईए मर्यादेत होते.

सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या आतला चरबीचा पडदा जाड होऊन त्याची पोळीसारखी थापी झालेली दिसली, यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ होती. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गीकरणात बेंबीतील गाठ असली की टप्पा ४-बी, म्हणजे सर्वांत पुढचा, धरतात.

येथून प्रकरण कर्करोगतज्ज्ञांकडे गेले. मुलाचा पहिला प्रश्न होता, “टाटाला न्यावं का?” परळचे टाटा रुग्णालय हे महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांसाठी कर्करोगाचे दुसरे नाव आहे. पण दर तीन आठवड्यांनी मुंबईला जाणे, तिथे राहण्याची सोय, शेतीची कामे आणि बाईंची तब्येत हे पाहता जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार घ्यावे आणि शस्त्रक्रियेच्या निर्णयाआधी कागदपत्रांवर मोठ्या केंद्राचे मत घ्यावे असे ठरले. रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून केमोथेरपी मंजूर झाली. पाणी भरलेले पोट आणि खालावलेली प्रकृती पाहता आधी शस्त्रक्रिया न करता कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलची तीन सत्रे, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा तीन सत्रे असा क्रम ठरला.

सांगायचे की नाही

हा निर्णय वैद्यकीय निर्णयांइतकाच अवघड होता. बायोप्सीचा अहवाल घ्यायला मुलगा एकटाच आला आणि म्हणाला, “आईला काही कळू देऊ नका, ती हाय खाईल.” यात क्रूरपणा नव्हता, प्रेमच होते. पण ज्या बाईंना पुढच्या महिनाभरात केस गळणारे औषध मिळणार, त्यांना ते कशासाठी हे न सांगता कसे द्यायचे? मधला मार्ग म्हणून मी असे सुचवले की त्यांना काय हवे ते त्यांनाच विचारू. मुलगा आणि सून दोघांना समोर बसवून मी सुमनबाईंना विचारले, “तपासणीत जे निघालं ते सगळं तुम्हाला सांगू की मुलाला सांगितलं तर चालेल?” त्यांनी मुलाकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “माझ्या पोटातलं मला नाही सांगायचं, तर कुणाला?” त्यानंतर लपवण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यांनी त्या वेळी फक्त दोन गोष्टी विचारल्या : घरातल्यांना लागण होईल का, आणि दिवाळीपर्यंत स्वयंपाकघरात उभे राहता येईल का. पहिल्याचे उत्तर ठाम नाही असे दिले, दुसऱ्याचे देता आले नाही.

परिणाम

तीन सत्रांनंतर सीए-१२५ घसरून ९६ झाले, पोटातले पाणी आटले, आणि बेंबीतील गाठ सुकून खपलीएवढी उरली. शस्त्रक्रियेत गर्भाशय, दोन्ही बीजांडकोश, चरबीचा पडदा आणि बेंबी काढण्यात आली, डोळ्यांना दिसेल असा रोग मागे राहिला नाही. उरलेली तीन सत्रे पूर्ण झाल्यावर सीए-१२५ मर्यादेत आले. त्यानंतर सुमारे सव्वा वर्ष बाई घरी, कामात होत्या. मग तपासणीत पोटातल्या लसिकाग्रंथींमध्ये रोग परतल्याचे दिसले. मधले अंतर सहा महिन्यांहून जास्त असल्याने त्याच औषधाला प्रतिसाद मिळण्याची आशा होती आणि पुन्हा केमोथेरपी सुरू झाली. हे लिहीत असताना ती चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी मनात येणारा प्रश्न असा की चार महिने आधी निदान झाले असते तर निकाल बदलला असता का. याचे उत्तर सरळ नाही. बेंबी ओलसर झाली त्या दिवशी रोग आधीच ४-बी टप्प्यात होता, कारण ती ओल म्हणजेच पसरलेला रोग होता. त्यामुळे ‘वेळेत निदान झाले असते तर रोग पहिल्या टप्प्यात सापडला असता’ असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. जे बदलले असते ते हे की उपचार सुरू होताना बाईंचे वजन इतके उतरलेले नसते, पोटात पाणी कमी असते, आणि प्रतिजैविकांचे दोन डोस व एक निरुपयोगी सोनोग्राफी यांचा खर्च वाचला असता. रोग आधीच्या टप्प्यात सापडण्याची एखादी संधी असलीच तर ती बेंबीच्या आधी होती, पोट फुगण्याच्या तक्रारीपाशी. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला नव्याने, रोज, आठवडेच्या आठवडे पोट फुगण्याचा त्रास होत असेल आणि खाणे कमी झाले असेल, तर गोळ्यांच्या दुसऱ्या चिठ्ठीआधी ओटीपोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ व्हायला हवे.

दुसरे, तक्रारी वेगवेगळ्या दवाखान्यांत वाटल्या गेल्या होत्या. पोट एका डॉक्टरांकडे, बेंबीचा स्राव दुसऱ्यांकडे, गाठ तिसऱ्यांकडे. प्रत्येकाने आपापल्या वाट्याला आलेल्या तुकड्याचे बरे उत्तर दिले होते, पण तुकडे शेजारी ठेवून पाहिले नव्हते. रुग्णच ते वेगळे करून सांगतात, कारण त्यांना वाटते की प्रत्येक डॉक्टरचे एक काम असते. म्हणून ‘याशिवाय आणखी काय होतंय’ हा प्रश्न डॉक्टरनेच विचारायचा असतो, आणि शक्य तर घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारायचा असतो.

तिसरे, त्वचेवरील जखम किंवा गाठ योग्य उपचारांनी तीन-चार आठवड्यांत हलत नसेल, तर औषध बदलण्याऐवजी तुकडा काढावा. या प्रकरणात दुसऱ्या प्रतिजैविकाच्या चिठ्ठीच्या जागी बायोप्सीची चिठ्ठी सहज लिहिता आली असती.

चौथ्या मुद्द्यावर आमच्यात एकमत नव्हते. रोग चौथ्या टप्प्यात असताना बेंबी काढण्याची गरज होती का? एका गटाचे म्हणणे असे की केमोथेरपीने ती सुकलीच होती. शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे म्हणणे असे की दिसणारा रोग काहीही मागे ठेवायचा नाही हेच या शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट असते. मला दुसरे मत पटले, आणि काढलेल्या बेंबीत जिवंत रोगपेशी सापडल्याने त्याला थोडा आधारही मिळाला.

एक उशीर मात्र असा झाला की ज्याचा परिणाम खरोखर बदलता आला असता. पहिल्या केसपेपरवर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले होते. शस्त्रक्रियेनंतर जनुक-चाचणीचा विषय निघाला तेव्हा सुमनबाई सहज म्हणाल्या की त्यांची मावशी छातीच्या गाठीने चाळिशीत गेली. त्यांना पहिल्यांदा विचारले होते ‘घरात कुणाला कॅन्सर होता का’, आणि मावशी म्हणजे काही घर नव्हे. या प्रकारच्या बीजांडकोशाच्या कर्करोगात कौटुंबिक इतिहास असो वा नसो, बीआरसीए जनुकांची (ज्यांतील दोषामुळे स्तन व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) चाचणी सुचवायची असते, आणि ती निदानाच्या वेळीच व्हायला हवी होती. ती झाली तेव्हा बीआरसीए-१मध्ये दोष निघाला. याचा अर्थ त्यांच्या प्रत्येक अपत्यात हा दोष असण्याची शक्यता निम्मी होती, मुलगा असो वा मुलगी. थोरल्या मुलीची चाचणी झाली आणि ती दोषवाहक निघाली. तिचे वय ३८, मुले झालेली, आणि अशा स्त्रियांना ३५ ते ४० या वयात बीजांडकोश व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, त्यानुसार तिने शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला आहे. मुलाने चाचणी करून घेतली, त्याच्यात दोष नाही. धाकटीने अजून रक्त दिलेले नाही. सासरी हे कसे सांगायचे हा तिचा प्रश्न आहे, आणि तिच्या सांगण्यावरून तिच्या नवऱ्याला समजेल अशा भाषेत लिहिलेले एक पानाचे पत्र तिला दिले आहे.